ओढ्यापलीकडे जाणाऱ्या रेघा

१६ नोव्हेंबर १९९७

ही वही माझी एकटीची. संस्थेच्या कामाची दैनंदिनी वेगळी आहे. ती महिनाअखेरीस संस्थेचे प्रमुख अण्णा वाचतात आणि समासात लाल शाईने ‘छान’ नाहीतर ‘अजून खोलात जा’ असं लिहितात. इथे जालन्यातच, मस्तगडातल्या दुकानदाराने वही देताना विचारलं, “लेकरासाठी का, ताई?” मी हो म्हटलं. चाळिशीला टेकलेल्या बाईने स्वतःशी बोलायला वही घेतली, हे त्याला कुठे समजावत बसू?

पुण्याचं शिबिर आटोपून काल आले. नवीन शिकले ते नातेनकाशा. गावातल्या बायांच्या हातात रांगोळी द्यायची आणि त्यांनीच जमिनीवर आपलं गाव काढायचं. घरं, विहिरी, देऊळ, रस्ते. मग विचारायचं, अडचण आली की कुणाकडे जाता? ज्या घरी जाता तिथपर्यंत रेघ ओढा. ज्या घराला जास्त रेघा, ते गावातलं खरं बळ. खुर्ची कुणाचीही असो. शिकवणारे सर एक नियम पुन्हापुन्हा सांगत होते : नकाशा उघड्यावर काढा, साऱ्या गावाला दिसू द्या. बंद खोलीत काढला तर तो गावाचा नकाशा नव्हे, चुगली. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

कधी एकदा अण्णांना दाखवते असं झालंय. नवऱ्याने टाकलं तेव्हा भाऊ म्हणाला होता, थोडे दिवस राहा, मग बघू. अण्णांनी मात्र विचारलं, “काम करशील?” त्या एका प्रश्नावर मी आजवर उभी आहे. हे आईला ऐकवलं की ती म्हणते, “उभी हाईस का टांगलेली, ते बघ एकदा.” आमच्या मातोश्री गिरिजाबाईंची जीभ म्हणजे अडकित्ता.

२१ नोव्हेंबर

आज निमखडीला नकाशा झाला. एवढा आनंद मला या कामात क्वचित झाला असेल.

वडीगोद्रीला एसटीतून उतरून टेम्पोने गेले. बाया वाटच बघत होत्या. संस्थेतले पुरुष कार्यकर्ते आले की या बाया पदर कपाळापर्यंत ओढून दाराआड होतात. मी आले की तोच पदर खांद्यावर घसरतो आणि कुणी सावरत नाही. पगार, हुद्दा राहू दे एकीकडे, ही माझी खरी कमाई.

मारुतीसमोरचं अंगण झाडून सारवलेलं. पारावर पुरुष बसलेले. गोजरबाई, वयाने सगळ्यांत थोरली, माझ्या कानाशी आली. “ताई, ह्ये आपण माझ्या घरात बसून काढू. हितं बाप्ये बसून राह्यलेत.” मी म्हटलं, घरात नाही काढायचं, नियमच आहे. त्या जाऊन बायांमध्ये बसल्या.

मग गाव उमटायला लागलं. निळ्या रांगोळीचा ओढा, अलीकडे गाव, पलीकडे बौद्ध वस्ती. घरं काढून झाल्यावर मी विचारलं, घरात अंगावर हात पडला, उपाशी ठेवलं, तर पहिल्यांदा कुणाकडे जाता? सगळ्या एकमेकींकडे बघत घुटमळल्या. शेवटी बेबीनंदा उठली. यंदाच्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, जेमतेम विशीची पोर. तिने लाल रांगोळी घेतली, आपल्या घरापासून निघाली आणि गाव ओलांडून, ओढा ओलांडून, थेट दुर्गाबाईंच्या दारात रेघ नेऊन टेकवली. टेकवून हसली. मग काय, एकीमागून एक सगळ्या उठल्या. मोठमोठ्या वाड्यांतल्या सुनांच्या रेघा ओढा ओलांडत होत्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष कांताबाईंकडे एकही गेली नाही. त्या बिचाऱ्या आपल्या घराभोवती फुलं काढत बसल्या.

दुर्गाबाई आमच्या गावकार्यकर्त्या. विधवा बाई, पलीकडच्या वस्तीत दोन खोल्या. त्यांचा ऊर भरून यायला हवा होता, पण त्या म्हणाल्या, “लई रेघा झाल्या, ताई. थोड्या पुसा.” मला हसू आलं. मानाचं ताट पुढे आलं की आपली माणसं लाजतात.

शेवटी साहेबराव पारावरून उतरले. कांताबाईंचे यजमान, गावातलं मोठं प्रस्थ, आमच्या कार्यकारिणीवरही आहेत आणि प्रशिक्षण केंद्राला जमीन तेच देणार आहेत. एकाही रेघेवर पाय न देता ते नकाशाभोवती फिरले. बेबीनंदा त्यांच्या पुतण्याची, बद्रीनाथची बायको. “बराबर काढलंय,” ते म्हणाले. “बिलकुल बराबर. आमच्या बाया कुठं जातेत, आम्हालाच ठाऊक नव्हतं.” पार हसला. मीही हसले.

२२ नोव्हेंबर

शनिवारची मोकळी बैठक. ही अण्णांची पद्धत. सगळे गोल बसतात, खुर्ची कुणालाच नाही, आणि आठवडाभर मनात साठलेलं ज्याने त्याने बोलून टाकायचं. “आपण एक घर आहोत. घरात आडपडदा कशाला?” असं ते म्हणतात. मी नकाशा मोठ्या कागदावर उतरवून नेला होता. अण्णा किती वेळ बघत राहिले. म्हणाले, “प्रभा, तू गावाचं काळीज काढून आणलंस.” तो कागद लगेच भिंतीवर लागला. पहिली रेघ कुणी काढली असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “धीट आहे पोरगी,” म्हणाले.

२७ नोव्हेंबर

अण्णा निमखडीला आले होते, साहेबरावांच्या जीपमधून. दुर्गाबाईंच्या दारात उभं राहून चौकशी केली, त्यांचं खूप कौतुक केलं. साखर वाढलीय म्हणून चहा नको म्हणाले. दुर्गाबाईंनी कप धुऊन ठेवले होते, ते पालथे घातले. मग साहेबरावांकडे जेवण झालं. कांताबाई शिरा फार छान करतात. अण्णांनी दोनदा घेतला.

३ डिसेंबर

मन थाऱ्यावर नाही. दुपारी दुर्गाबाई न कळवता घरी आल्या. ऑफिसात न जाता जुन्या जालन्यात माझी खोली शोधत आल्या, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. आईने पाणी दिलं. दुर्गाबाईंनी दार लोटून घेतलं.

बेबीनंदा घरातून निघालीय. नकाशाच्या दिवसापासून घरात तिला धड कुणी बोलत नव्हतं. चारचौघांत घराची अब्रू ओढ्यापलीकडं नेलीस, म्हणून बद्रीनाथने तिला चुलीतल्या लाकडाने मारलं. पाठीवर, मांडीवर, दिसेल अशा जागी नाही. तिला उसाच्या रानातून दुर्गाबाईंकडे यावं लागलं. पण तिथे ठेवता येईना.

“आधी कुणाला ठाऊक नव्हतं, ताई, कोण कुठं जातंय ते. आता शेंबडं पोरगं बी सांगतंय. ती यायच्या आत बद्रीनाथची दोन माणसं माझ्या दारात बसून गेल्ती.” त्यांनी तिला शहागडला आपल्या बहिणीकडे पोचवलंय. “तिला औरंगाबादला बायांच्या आश्रमात घालायचं बघा. जल्दी बघा. आन् तोवर ह्ये तुमच्या पोटात ठेवा. अण्णाला बी बोलू नका.”

मी म्हटलं, अण्णांना सांगितल्याशिवाय आश्रमात कशी पाठवू? संस्थेचं पत्र लागतं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या कुणाकडून बघा, मी सहाला दादरला जाऊन येते, आल्यावर बोलू. दरवर्षी सहा डिसेंबरला सारी वस्ती चैत्यभूमीला जाते.

अण्णांबद्दल त्यांच्या मनात असं का यावं? मला वाईट वाटलं. थोडा रागही आला.

६ डिसेंबर

दोन दिवस धडपडले. ओळखीच्या वकीलबाई परगावी. आश्रमाला फोन लावला, ते म्हणतात संस्थेचं पत्र आणा. बैठकीत अण्णा सगळ्यांकडे एकेक करून बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली. बैठक संपल्यावर जवळ बसवून म्हणाले, “प्रभा, तुझ्या चेहऱ्यावर ओझं आहे. मी विचारणार नाही. तुला वाटलं तर सांग.”

सुईणीपासून पोट कशाला लपवायचं? सांगून टाकलं. पाठीवरचे वळ, शहागड, दुर्गाबाईंच्या बहिणीचं घर, सगळं. इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. अण्णा म्हणाले, “बरं केलंस. पोरीचं आयुष्य आहे, घाईने मोडायचं नाही. आश्रमात गेली की केस होते, केस झाली की गाव तुटतं, आणि ती कुठलीच राहत नाही. तुझं काय झालं, आठव.” माझं काय झालं? मी त्यांच्यापर्यंत पोचले. पण त्यांचं बोलणं खोटं नाही. सगळ्याच बायांना अण्णा भेटत नाहीत.

घरी आल्यावर आईने विचारलं, सांगितलंस का? मी हो म्हटलं. तिने भाजी चिरायची थांबवली नाही.

८ डिसेंबर

समेट झाला.

काल अण्णा आणि मी शहागडला गेलो. जीप साहेबरावांची, पण ते स्वतः आले नाहीत, हे बरं केलं त्यांनी. दुर्गाबाईंची बहीण दारातून हलेना. “दुर्गी आल्याबिगर न्हाई सोडायची,” असं एकच धरून बसली. अण्णा बाहेर थांबले, मला म्हणाले, “तू बोल. ती तुझ्यावर विश्वास ठेवते.”

बेबीनंदा चुलीपाशी भाकरी थापत होती. मी तिला समजावलं. अण्णा स्वतः मध्ये आहेत, बद्रीनाथ पाया पडून शब्द देणार आहे, आम्ही येत राहू. ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही येत राहताल ना, ताई? नक्की?” दर आठवड्याला येईन, मी म्हटलं. “तुम्ही म्हणून राह्यल्या तर चालते मंग,” असं म्हणून तिने हात धुतले. तव्यावरची भाकरी तशीच राहिली.

आज साहेबरावांच्या ओसरीवर बैठक झाली. बद्रीनाथने अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. कांताबाईंनी बेबीनंदाची खणानारळाने ओटी भरली, नवं लुगडं दिलं. फोटो काढला, त्यात मीही आहे. साहेबराव म्हणाले, “आमची लेक आमच्या घरी आली. आता ह्ये वाढवायचं न्हाई.” संस्थेच्या त्रैमासिकात फोटो घालायचं ठरलं, ‘एक घर पुन्हा उभं राहिलं’ अशा मथळ्याखाली. मथळा मीच सुचवला.

सगळं नीट झालं, तरी एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही. ओटी घेताना बेबीनंदा माझ्याकडे बघत होती. मी हसले. तिचं हसायचं राहून गेलं.

११ डिसेंबर

दुर्गाबाई दादरहून आल्या. ऑफिसच्या पायरीवर गाठलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “मला इचारायचं तरी, ताई.”

१४ जानेवारी १९९८

एवढे दिवस वही उघडली नाही. केंद्राच्या भूमिपूजनाची तयारी, पत्रिका, मांडव, पाहुणे. दम खायला फुरसत नव्हती. निमखडीला जाणं झालं ते त्या कामापुरतं, साहेबरावांच्या मळ्यापर्यंत. बेबीनंदाकडे दोनदा जायला निघाले. एकदा अण्णांनी परत बोलावलं, एकदा कांताबाई म्हणाल्या ती रानात गेलीय.

आज संक्रांतीच्या मुहूर्तावर भूमिपूजन झालं. मी बेबीनंदाला हुडकत होते. कांताबाईंनी तिळगूळ हातावर ठेवला. “माहेरी गेलीय. पहिली संक्रांत ना.” मला बरं वाटलं. माहेरी पाठवलं म्हणजे मन निवळलं असणार. गोजरबाईंना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “तिला मायबाप हाय का, ताई? चुलत्यानं लावून दिल्तं लग्न.” तेवढ्यात अण्णांनी हाक मारली, फोटोसाठी.

२० जानेवारी

बेबीनंदा गेली.

काल सकाळी मळ्यातल्या विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला म्हणतात. मी पोचले तेव्हा तिला बाजेवर ठेवलं होतं. अंगावर तेच समेटाचं लुगडं. मी तिच्या पायाशी बसून राहिले. बायांनी मला उठवलं नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी पाणी आणतं, पाठीवर हात ठेवतं; या वेळी कुणी जवळ आलं नाही.

गोजरबाई जाताना फक्त एवढं म्हणाल्या, “त्या हिरीला कुणी शेंदत न्हाई, ताई. मोटार बसवून दोन वर्सं झाली.”

फौजदारांनी संस्थेला विचारलं, नवराबायकोत काही वाद होता का? अण्णा म्हणाले, होता, पण आमच्या समक्ष मिटला, फोटो आहे. मग मला विचारलं. मी म्हटलं, हो, मिटला होता. खोटं काय होतं त्यात? मोटारीबद्दल मला कुणी विचारलं नाही.

मोटारीबद्दल मी सांगितलं नाही.

२४ जानेवारी

मोकळी बैठक. अण्णा रडले. सगळ्यांच्या देखत, लहान मुलासारखे. “ती माझी लेक होती,” म्हणाले. सगळे रडले. मला रडू येईना, त्याची लाज वाटली. सगळे गेल्यावर मी विचारलं, “अण्णा, शहागडचं तुम्ही साहेबरावांना का सांगितलं? जीप त्यांची कशाला घेतली?” आजवर मी त्यांना असं विचारलं नव्हतं. आवाज माझा मलाच परका वाटला.

ते चिडले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “आणि मला कुणी सांगितलं, प्रभा?”

मग म्हणाले, “स्वतःला दोष देऊ नकोस. आपण चांगल्या हेतूने केलं.” मी मान डोलावली. बाहेर आल्यावर भिंतीवरचा नकाशा दिसला. कुणीतरी त्यावर भूमिपूजनाची पत्रिका चिकटवली होती, ओढ्याच्या पलीकडचं सगळं त्याखाली गेलं होतं. पत्रिका काढून टाकावीशी वाटली. नाही काढली.

१ फेब्रुवारी

सुट्टी होती. जेवण जात नव्हतं. आईने डबे घासून झाकणं उन्हात मांडली होती. ती म्हणाली, “ते तुझं शिबिरातलं दाखव ना मला. माणसं कशी मांडतेत ते.” तिला कळवळा आला होता, बोलता येत नव्हतं, म्हणून असं. मी सांगितलं, तिथे गोल चकत्याही मांडायला शिकवल्या, आपण झाकणं घेऊ; मोठा माणूस त्याला मोठं झाकण, जवळचे जवळ ठेवायचे, एकाचं दुसऱ्यावर चालत असलं तर एकावर एक. आता संस्था मांड बघू.

आईने परातीएवढं मोठं झाकण घेतलं. “ह्यो जमीनवाला.” त्याच्या काठावर मधलं ठेवलं. “ह्यो तुझा अण्णा. अर्धा आत, अर्धा भाईर. भाईरच्याला वाटतंय आपला हाय, आतल्याला वाटतंय आपला हाय.” मग दुर्गाबाईंचं एक छोटं झाकण तिने लांब, उंबऱ्याजवळ नेऊन ठेवलं. त्याच्याजवळ वाट्या पालथ्या घातल्या. “ह्या बाया.”

“आणि मी?”

तिने मसाल्याच्या डबीचं झाकण उचललं, अण्णाचं झाकण वर केलं आणि त्याखाली सारलं.

“दिसतच नाही मी,” मी म्हटलं.

“मंग! त्येच दाखवून राह्यले,” आई म्हणाली. “पन त्या बायाला कुठं ठाऊक? त्या तुला बघून बोलल्या. ऐकलं त्यानं.”

मी रागावले. मोठ्याने बोलले. याच माणसाच्या पगारावर ही खोली आहे, हे तेल-मीठ आहे, असं ऐकवलं. आई झाकणं गोळा करत म्हणाली, “त्येच म्हनते मी.”

७ फेब्रुवारी

अण्णांनी मला बोलावून घेतलं. नव्या केंद्राची समन्वयक मी. स्वतंत्र टेबल, फोन. मग म्हणाले, “दुर्गाबाईंना आता विश्रांती देऊ. गावात नाराजी आहे. बेबीनंदाला त्यांनीच भरीला घातलं असं लोक बोलतात. साहेबरावांचंही मत तसंच पडलं. तू सांग त्यांना. तुझ्या तोंडून ऐकलं तर लागणार नाही.”

नाही म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. आईचं औषध, खोलीचं भाडं, भावाचे ‘थोडे दिवस’, सगळं एकदम समोर उभं राहिलं. मी म्हटलं, बघते.

९ फेब्रुवारी

दुर्गाबाई अंगणात तूर झोडपत होत्या. मी बसले. काय सांगायला आले हे त्यांना आधीच कळलेलं. तरी माझ्याकडून पुरतं वदवून घेतलं.

“तुमच्या तोंडून लागणार न्हाई, आसं कोण म्हनलं?” एवढंच विचारलं.

मी म्हटलं, दुर्गाबाई, माझं चुकलं. ते शहागडचं.

“शहागडचं ऱ्हाऊ द्या, ताई. त्या दिशी माझ्या दारापर्यंत साऱ्या गावासमोर रेघा आणल्या, तवाच चुकलं. गोजरबाई तुम्हाला म्हनली व्हती, घरात बसून काढू. तुम्ही शिकलेल्या, आम्ही म्हनलं आसंल काही. मानूस मारायचा आसंल तर त्याचं बीळ दाखवावं लागतंय. आम्ही आमच्या हातानं रांगोळी घालून दाखवलं.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, चढावा.

“अजून येतात का बाया तुमच्याकडे?” मी विचारलं. खरंच काळजीने विचारलं. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. मागच्या खोलीचं दार ओढलेलं होतं. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, वाटी पडावी तसा. दुर्गाबाई एकट्या राहतात. त्या उठून दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“न्हाई ताई,” माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. “कुणी येत न्हाई.”

मी उठले. त्यांनी चहाचं विचारलं नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. टेम्पोत बसल्यावर कळलं, मला माझ्या नवऱ्याच्या घरातून निघतानाही इतकं दुखलं नव्हतं.

२० मार्च

मदत देणाऱ्या संस्थेच्या बाई मुंबईहून आल्या होत्या. त्यांना नातेनकाशा प्रत्यक्ष बघायचा होता, आणि अण्णा म्हणाले, निमखडीच दाखवू, तिथला बदल दिसेल. मी नको म्हटलं. दुसरं गाव घेऊ म्हटलं. ते म्हणाले, “प्रभा, जखम झाकून ठेवली की चिघळते.”

मारुतीसमोरचं तेच अंगण. पारावर तेच पुरुष. बाया आधीच येऊन बसलेल्या, सगळ्या, बेबीनंदा सोडली तर एकही कमी नाही. रांगोळी त्यांच्या हातात द्यायची वेळच आली नाही, त्यांनी आणलेली होती. बघता बघता गाव उमटलं. मागच्यापेक्षा कितीतरी सुंदर. घरांना तोरणं, विहिरीला कठडा. ओढा निळा, रुंद, काठाकाठाने झाडं. पलीकडच्या वस्तीतली घरंही काढली होती.

पाहुण्या बाईंनी मला खूण केली. मी तोच प्रश्न विचारला. घरात अंगावर हात पडला, उपाशी ठेवलं, तर पहिल्यांदा कुणाकडे जाता?

या वेळी कुणी घुटमळलं नाही. एकेक उठली आणि आपली रेघ नीट नेऊन कांताबाईंच्या दारात टेकवली. महिला मंडळात. एकही रेघ वाकडी नाही, एकही ओढ्याकडे वळली नाही. पलीकडे दुर्गाबाईंचं घर होतं, दारावर कडीसुद्धा रेखलेली, आणि त्या दारात काहीच जात नव्हतं. कांताबाई प्रसन्न होत्या. साहेबराव पारावरून उतरले नाहीत, त्यांना उतरायची गरज नव्हती. पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांत महिला मंडळ एवढं बळकट झालं, असं त्या अण्णांना म्हणाल्या. अण्णांनी हात जोडले.

मला एकटीलाच तो नकाशा वाचता येत होता, आणि तो मला वाचता येतो हे बायांनाही माहीत होतं. मी गोजरबाईंच्या शेजारी उकिडवी बसले, आवाज खाली आणून विचारलं, “मावशी, खरं सांगा. आज एखादीला मारलं तर ती कुठे जाईल?”

गोजरबाईंनी हातातली रांगोळी झटकली आणि पाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आमच्या गावात आता कुणी मारत न्हाई, ताई.”

पाहुण्या बाईंनी ते लगेच टिपून घेतलं. जीपमध्ये अण्णा मला म्हणाले, अहवालाची सुरुवात याच वाक्याने कर. ते करायचं आहे. कागद समोर आहे, आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

निघताना मी बायांना हात जोडले. मागे वळून बघितलं तेव्हा त्या सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. आधी गोजरबाईंनी पदर ओढला, मग त्यांच्या शेजारणीने, मग एकेक करून सगळ्यांनी. कपाळापर्यंत.